रिटर्नचा नट

चिठ्ठी खालच्या मजल्यावरच्या हेबर्लेंची होती, म्हणजे ती तक्रारीचीच असणार, हे मयुरेशने पाकीट उघडण्याआधीच ठरवलं. गेल्या चार वर्षांत हेबर्लेंनी या घराला अकरा चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. जिना झाडायची पाळी चुकली, सायकल भिंतीला टेकली, दुधाचं खोकं कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात गेलं. ही बारावी.

"काय म्हणतायत?" मैत्रेयीने विचारलं.

"'गेले तीन आठवडे आपल्या दिवाणखान्याच्या बाजूने एक विशिष्ट वास येत आहे. तो नेमका कशाचा, याचा खुलासा करावा ही विनंती.' खाली सही, तारीख, वेळ. सात वाजून चाळीस मिनिटं."

"बघ! मी म्हणत नव्हते? वास आहे. तुला तो आवडतो म्हणून तू लक्ष देत नाहीस."

"छान आहे गं वास. कॉलनीतल्या घरासारखा."

"मयुरेश, आत उंदीर मेलाय."

वास खिडकीखालच्या दोन मीटर लांब रेडिएटरमधून येतो, याबद्दल मात्र घरात दुमत नव्हतं. ऑक्टोबरात हीटिंग सुरू झालं आणि त्याबरोबर वासही सुरू झाला. मयुरेशच्या मते जुना रंग तापत होता. तो स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत गाड्यांच्या 'थर्मल मॅनेजमेंट'चं काम करायचा, म्हणजे उष्णता कुठून कुठे जाते याची चित्रं कॉम्प्युटरवर रंगवायचा. त्यामुळे उष्णतेच्या बाबतीत घरात त्याचा शब्द अखेरचा असे, आणि तो बहुधा चुकीचा निघे.

खरं कारण ठाऊक असलेला माणूस रेडिएटरच्या उजव्या टोकाशी आरामखुर्चीत बसला होता. गुडघ्यांवर शाल घेऊन तो मोबाइलवर सांगलीच्या बातम्या वाचत होता, आणि गेली पाच मिनिटं एकच बातमी वाचत होता.

राजाभाऊंना मुलाकडे येऊन आठवडा झाला होता. आल्या दिवशी बूट काढून आत पाऊल टाकताच त्यांच्या नाकाने ओळखलं होतं. तूप, गूळ, डिंक, आणि या सगळ्यांना पुरून उरलेली मेथी. गेल्या हिवाळ्यात ते आणि त्यांची बायको इथे तीन महिने राहून गेले, तेव्हा सरलाबाईंनी येताना डबा भरून मेथीचे लाडू आणले होते. रोज सकाळी चहाबरोबर राजाभाऊंना एक. त्यातले निम्मे त्यांनी खाल्ले, कारण सरलाबाई समोर बसलेल्या असत. उरलेले निम्मे, सरलाबाई आत गेल्या की, रेडिएटरच्या वरच्या फटीतून खाली सोडले. फटीवरची जाळी कुठल्याशा जुन्या भाडेकरूने कधीच हरवली होती. लाडू आत जाई, दोन पत्र्यांमध्ये टक् करून बसे, आणि राजाभाऊ चहाचा घोट घेऊन मोठ्याने म्हणत, "वा! असा लाडू दुसरीकडे होणे नाही."

या वाक्याला त्रेचाळीस वर्षं झाली होती. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत, साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांत, सरलाबाईंनी पहिल्यांदा मेथीचे लाडू केले. मेथी परतताना हात भाजला. पट्टी बांधलेल्या हाताने त्यांनी ताटली पुढे केली आणि विचारलं, "कसा झालाय?" लाडू कडूजहर होता. राजाभाऊंनी पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाले, "असा लाडू आमच्या घरात आजवर कुणाला जमला नव्हता." हे खोटं नव्हतं. इथे थांबले असते तर निभावलं असतं. पण नवा नवरा होता, त्याने दुसरा मागून घेतला.

झालं. थंडी आली की लाडू आले. राजाभाऊ कारखान्यात बॉयलर हाउसचे फिटर, पुढे फोरमन. लाडू डब्यातून बॉयलर हाउसात जात आणि तिथून उसाच्या चिपाडांबरोबर थेट भट्टीत. निवृत्तीनंतर शेजारच्या म्हशीने साथ दिली. स्टुटगार्टला ना भट्टी, ना म्हैस. गरम आणि पोटात ठेवून घेईल अशी घरात एकच वस्तू होती. देश बदलला म्हणून माणसाची सवय थोडीच बदलते?

या आठवड्यात त्यांनी प्रयत्न केले नव्हते असं नाही. मुलगा-सून कामावर आणि सरलाबाई आंघोळीला गेल्या की त्यांनी फटीत विणायची सुई घालून पाहिली, पोळ्यांचा चिमटा घालून पाहिला, शेवटी कोटाचा हँगर सरळ करून घातला. लाडू हलेनात. वर्षभरात तापून निवून त्यांचं वेल्डिंग झालं होतं.

"हेबर्ले हे हाउसफरवाल्टुंगला कळवणार," मैत्रेयी म्हणाली. "मग बिल्डिंगच्या व्यवस्थापनाचे ते लोक येऊन तपासणी करणार. आत उंदीर निघाला तर काय अब्रू राहील? तू प्लंबरला फोन केलास का?"

"केला ना. टेर्मिन मिळाली. चौदा जानेवारी."

"प्लंबर कशाला हवा?" सरलाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. "घरात एवढा माणूस बसलाय ना! चालत्या बॉयलरचा व्हॉल्व्ह उघडलाय यांनी. हा एवढासा पत्रा काढायला जर्मनीचा माणूस कशाला?"

राजाभाऊंनी मोबाइल खाली ठेवला. "अगं, इकडचं तंत्र वेगळं असतं. माहिती नसताना हात घालू नये."

"बाबा, तुम्हीच तर सांगायचात," मयुरेश म्हणाला, "नट जगात कुठेही न्या, तो एकाच बाजूला उघडतो."

"आणि तो पाना आणलाय ना!" सरलाबाई म्हणाल्या. "विमानतळावर वजन जास्त झालं तेव्हा माझी कुळथाची पिठी बाहेर काढली यांनी, आणि पाना राहू दिला. मग होऊ दे त्याचा उपयोग."

तो बारा इंची स्क्रू पाना राजाभाऊंच्या बॅगेत, लोकरीच्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवलेला होता. छत्तीस वर्षं हातात राहिलेली वस्तू. कुठे जाताना तो बरोबर नसला तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटे. पाना आला, जुनं वर्तमानपत्र आलं, मैत्रेयीने फरशी पुसायचं फडकं आणलं, सरलाबाईंनी कणीक मळायची मोठी परात आणली. सगळं घर गोल करून उभं राहिलं.

राजाभाऊ गुडघे आवरत खाली बसले. रेडिएटरला पाणी आणणारा पाइप वर होता, पाणी परत नेणारा खाली. खालच्या रिटर्नच्या नटावर त्यांनी नुसता अंगठा ठेवला आणि त्यांना कळलं की हा नट दोन झटक्यांत सुटणार. कुणीतरी मन लावून बसवलेला नट होता. गंज नाही, काही नाही. अशा नटाची त्यांना भीती वाटेल, असं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सुटला तर रेडिएटर निघणार, रेडिएटर निघाला तर लाडू निघणार, आणि त्रेचाळीस वर्षांचं पितळ उघडं पडणार. न सुटला तर फिटरची अब्रू जाणार. राजाभाऊंनी क्षणभर विचार केला आणि फिटरचा बळी द्यायचं ठरवलं. नवऱ्याची अब्रू राहिली म्हणजे मिळवली. त्यांनी पाना लावला, दात ओठ खाल्ले, "हूं!" केलं आणि नट उलट्या बाजूने आवळला.

"जाम आहे," ते म्हणाले.

"जाम?" सरलाबाईंना हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायची सवय नव्हती. "पुन्हा करा बघू."

त्यांनी पुन्हा केलं. नाटक खरं वाटावं म्हणून जरा जोर लावला. पण त्या हातांनी छत्तीस वर्षं वाफेचे सांधे आवळले होते, त्यांचा जरासा जोर म्हणजे दुसऱ्याचा पुरता जोर. नट आणखी पाव फेरा बसला. "छे. हलत नाही. जर्मन माल आहे, भारी असतो."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मयुरेशने मोबाइलवर व्हिडिओ लावला. "आल्झो, हा माणूस म्हणतोय की आधी हे वरचं थर्मोस्टॅटचं डोकं काढायचं, म्हणजे हात घालायला जागा होते." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याने ते पांढरं प्लास्टिकचं डोकं फिरवून हातात काढून घेतलं. ते डोकं आतली खिट्टी दाबून पाणी अडवतं आणि ते काढलं की व्हॉल्व्ह सताड उघडतो, ही गोष्ट व्हिडिओत पुढच्या मिनिटाला सांगितली होती. पण मयुरेशने व्हिडिओ तिथेच थांबवला होता.

दहा मिनिटांत रेडिएटर तव्यासारखा तापला. वीस मिनिटांत सगळ्यांनी स्वेटर काढले. आणि आतले लाडू नव्याने भाजायला लागून अख्खा दिवाणखाना घमघमला.

मयुरेश डोळे मिटून उभा राहिला. "बाबा, खरं सांगू? मला शाळेतल्या थंडीच्या सकाळी आठवतायत. कारखान्याचा भोंगा, मळीचा वास, तुम्ही सायकलला डबा लावताय, आणि आई दारात उभी. अगदी तोच वास आहे हो हा."

 त्या सायकलच्या डब्यात काय असे आणि ते कुठे जाई, हे या पोराला कधी सांगावं लागेल असं राजाभाऊंना वाटलं नव्हतं.

सरलाबाईंनी मात्र नाक वर केलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. "अहो, हा मेथी भाजल्यासारखा नाही का वाटत?"

"छे छे! गंज आहे," राजाभाऊ घाईने म्हणाले. "लोखंडाचा जुना गंज तापला की असाच वास सुटतो. बॉयलर हाउसात रोज यायचा."

"यायचा असेल," सरलाबाई म्हणाल्या आणि डाव्या टोकाच्या खिडकीतल्या तुळशीला उगाचच पाणी घालायला लागल्या.

मग मयुरेश धावत जाऊन गंज सोडवायचा स्प्रे घेऊन आला. तो मारला. मैत्रेयीने केस वाळवायचं यंत्र आणलं, त्याने नट तापवला. प्रत्येक उपायानंतर राजाभाऊंना पाना लावावा लागे, आणि प्रत्येक वेळी नट आणखी थोडा आवळला जाई. शेवटी मयुरेश हातोडी घेऊन आला आणि पान्याच्या दांड्यावर त्याने दोन सणसणीत ठोके घातले. तिसरा ठोका पडायच्या आत दारावरची बेल वाजली.

दारात हेबर्ले उभे होते. ऐंशीच्या आसपासचे, उंच, काटकुळे, पायात घरातले बूट. त्यांनी मनगटावरचं घड्याळ वर धरलं. एक वाजून सहा मिनिटं झाली होती.

"मिटाग्सरूहे," ते म्हणाले, म्हणजे दुपारच्या विश्रांतीची वेळ.

एक ते तीन या वेळात इमारतीत ठोकाठोक करायची नाही, हा नियम मयुरेशला पाठ होता. त्याने एका दमात तीन वेळा माफी मागितली. पण हेबर्लेंचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. त्यांची नजर उघड्या पडलेल्या व्हॉल्व्हवर खिळली होती, आणि तिथून ती स्प्रे, केसांचं यंत्र आणि हातोडी यांच्यावरून फिरत गेली तसा त्यांचा चेहरा लांबत गेला. न विचारता ते आत आले, राजाभाऊंच्या शेजारी गुडघे टेकून बसले आणि मयुरेशला जर्मनमध्ये काहीतरी बराच वेळ बोलले.

मयुरेशचे कान लाल झाले. "बाबा, हे स्वतः हीटिंगचे माइस्टर, म्हणजे उस्ताद कारागीर होते. एकेचाळीस वर्षं. या बिल्डिंगचे सगळे पाइप त्यांनीच घातलेत. म्हणतायत, त्यांनी बसवलेला नट जाम होऊच शकत नाही."

हेबर्लेंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि नट पाहिला. राजाभाऊही नटाकडेच पाहत होते. नटाच्या कडांवर पान्याचे ताजे चकचकीत ओरखडे होते, आणि ते सगळे आवळायच्या बाजूला होते. हे मयुरेशला दिसणार नव्हतं, मैत्रेयीला दिसणार नव्हतं. पण जन्मभर नट फिरवलेल्या माणसाला ते छापील अक्षरांसारखे वाचता येणार होते.

हेबर्लेंनी मान वळवून राजाभाऊंकडे पाहिलं. राजाभाऊंनी हेबर्लेंकडे पाहिलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. राजाभाऊंनी डोळ्यांनीच एकदा सरलाबाईंकडे, एकदा रेडिएटरच्या फटीकडे इशारा केला आणि मान अगदी किंचित हलवली. जगातल्या कुठल्याही नवऱ्याला कळावं, असं ते हलवणं होतं.

हेबर्ले उठले. "फेस्ट," ते गंभीरपणे म्हणाले. "गांत्स फेस्ट."

"म्हणतायत, जाम आहे," मयुरेश म्हणाला. "एकदम जाम. आश्चर्य आहे."

धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला उघडं पाडलं नाही. राजाभाऊंना त्यांचे पाय धरावेसे वाटले. हेबर्लेंनी खालून एक टोपण आणून उघड्या व्हॉल्व्हवर घट्ट बसवलं, किल्लीने रिटर्न बंद केला, तीन बोटं दाखवली आणि ते निघून गेले. रेडिएटर गार झाला की तीन वाजता, असा त्याचा अर्थ होता.

जेवणं झाली. राजाभाऊ खुर्चीत डोळे मिटून पडले. वाचलो, असं त्यांना वाटत होतं. हेबर्ले येतील, दोघं मिळून पुन्हा हूं हूं करतील, आणि जानेवारीत प्लंबर येईल तोवर आपण सांगलीला पोचलेले असू. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सरलाबाईंचा दबका आवाज आला.

"मयुरेश, राहू दे रे आता. यांना पुन्हा त्या नटाला हात लावायला सांगू नकोस. हात राहिले नाहीत त्यांचे पहिल्यासारखे. आणि बोलू नकोस हं काही, मनाला लावून घेतील."

"नाही गं आई. होतं असं वयाप्रमाणे."

टोमणा असता तर राजाभाऊंनी परतवला असता. पण त्या आवाजात कीव होती, आणि ती त्यांना फार लागली. त्यांना एका गळीत हंगामाचा पहिला दिवस आठवला. बॉयलर पेटलेला, मुख्य पाइपचा सांधा गळतोय, चेअरमन हार घेऊन खोळंबलेले, आणि हाच पाना हातात धरून वाफेत शिरलेले आपण. वीस मिनिटांनी भोंगा झाला होता. सहा वर्षांचा मयुरेश कुंपणाबाहेर आईच्या कडेवर बसून सगळ्यांना सांगत होता, "माझ्या बाबांनी वाजवला." सरला त्या दिवशी कशी हसली होती! त्या बाईने आज म्हणावं, हात राहिले नाहीत?

तीनला एक मिनिट कमी असताना हेबर्ले निळा अंगरखा घालून, पत्र्याची हत्यारपेटी घेऊन हजर झाले. राजाभाऊ उठले. बाह्या वर केल्या.

"बाजूला व्हा सगळे," ते म्हणाले. "उघडतो."

हेबर्लेंनी भुवया उंचावल्या. राजाभाऊंनी मान डोलावली. आता लाडू निघोत नाहीतर वाघ निघो.

त्यांनी या वेळी पाना बरोबर बाजूला लावला आणि खरा जोर केला. नट हलला नाही. पुन्हा केला. कपाळावर घाम आला. सकाळपासून स्वतःच्याच हातांनी आवळलेला नट होता तो. तो आता खरोखरच जाम झाला होता.

"अहो, नका हो," सरलाबाई म्हणाल्या.

राजाभाऊंनी ऐकलं नाही. हेबर्ले मुकाट्याने शेजारी बसले, त्यांनी दुसरा पाना पाइपाच्या अंगाला लावून धरला, म्हणजे पाइप पिळवटणार नाही. राजाभाऊंनी हातोडीने नटाच्या सहाही बाजूंवर हलके हलके टिचक्या मारल्यासारखे ठोके दिले. हेबर्ले म्हणाले, "या", म्हणजे जर्मनमध्ये हो. राजाभाऊ म्हणाले, "हं." मग आधी नट केसभर आवळून, तिथून उलट झटका. कर्रर्र करून नट बोलला. दुसऱ्या झटक्याला सुटला. काळंकुट्ट पाणी परातीत पडलं.

"बघ!" सरलाबाई ओरडल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "कोण म्हणत होतं हात राहिले नाहीत?"

ते कोण म्हणत होतं याचा शोध कुणी घेतला नाही. वरचा नट सुटला, पाणी निथळलं, आणि मयुरेश व हेबर्लेंनी रेडिएटर खुंट्यांवरून उचलून फरशीवर आणून उजव्या टोकावर कलता केला. दुपारच्या तापण्याने सुटं झालेलं काहीतरी आत घरंगळलं. मग परातीत टण्, टण्, टण् असे लाडू पडायला लागले. लिंबाएवढे, काळपट, दगडासारखे. राजाभाऊंनी भिंतीकडे पाहिलं.

 मैत्रेयीने एक लाडू उचलून पाहिला आणि हळूच खाली ठेवला. मयुरेश एकदा लाडवांकडे, एकदा बापाकडे बघत होता.

"अजून आहेत," हेबर्ले जर्मनमध्ये म्हणाले आणि त्यांनी रेडिएटर दुसऱ्या टोकावर कलता केला. पुन्हा टण्, टण्, टण्.

राजाभाऊंनी वळून पाहिलं. हे लाडू सुपारीएवढे होते. त्यांनी टाकलेले सगळे मोठे होते, कारण सरलाबाई त्यांच्यासाठी नेहमी मोठे वळत. लहान वळत ते स्वतःसाठी. आणि हे निघाले होते डाव्या टोकाकडून, तुळशीच्या कुंडीखालून.

"सरला," ते म्हणाले, "हे लहान कुणाचे?"

सरलाबाई पदराला हात पुसत राहिल्या. "माझे."

"तुला आवडत नाहीत?"

"कुणाला आवडतील? कडूजहर असतात."

"आई," मैत्रेयी खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही डब्यात देता ते आम्हीही ऑफिसात... पण बायोच्या, ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो हं. बरोबर वेगळे काढून."

राजाभाऊंना तिचं काही ऐकू आलं नाही. "अगं, मग त्रेचाळीस वर्षं केलेस कशाला? मला आवडतात म्हणून? मी तर हे... मी ते कारखान्यात..."

"भट्टीत टाकायचात. माहितीये मला. दिनकर फायरमनच्या बायकोने दुसऱ्याच वर्षी हळदीकुंकवाला सांगितलं. म्हणाली, वहिनी, जाळण्यापेक्षा आम्हाला तरी द्या."

"आणि तरी करत राहिलीस?"

सरलाबाईंनी परातीतले लाडू एका बाजूला लोटले. "वर्षभर मी रांधते. आमटीत मीठ कमी आहे, भाकरी जाड आहे, याच्याशिवाय तुमच्या तोंडून काही निघालं कधी? या लाडवाला तेवढं 'वा' म्हणायचात. असा लाडू दुसरीकडे होणे नाही म्हणायचात. खोटं तर खोटं. ऐकायला बरं वाटायचं."

 राजाभाऊंना काहीतरी म्हणायचं होतं, पण त्रेचाळीस वर्षांत त्याची सवय लागली नव्हती. पुढे सरकले ते हेबर्ले. त्यांनी एक लहान लाडू उचलून हुंगला, पकडीत धरून फोडला आणि तुकडा तोंडात टाकला.

"अहो, नको! वर्षाचा शिळा आहे तो!" सरलाबाई मराठीत ओरडल्या.

हेबर्ले चावत राहिले. बराच वेळ. मग ते मयुरेशशी बोलायला लागले आणि बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला.

"म्हणतायत, मेथी आहे ही," मयुरेश सांगू लागला. "त्यांची आजी डोंगरावरच्या गावात राहायची. ती ब्रेडमध्ये असलं काहीतरी कडू घालायची. ती गेल्यावर त्यांना तो वास साठ वर्षांत कुठे आला नाही. तीन आठवडे ते रोज आपल्या मजल्यापर्यंत जिना चढून येऊन उभे राहायचे. ती चिठ्ठी तक्रारीची नव्हतीच. त्यांना फक्त विचारायचं होतं की हे काय आहे." मयुरेश थांबला. "आणि म्हणतायत, फार छान झालाय. अजिबात गोड नाही."

सरलाबाईंना जर्मन येत नव्हतं. पण समोरचा माणूस दुसरा लाडू उचलतोय, आणि त्याला तो उचलायला कुणी सांगितलेलं नाही, एवढं त्यांना दिसत होतं. त्या एकदम लाजल्या.

सोमवारी त्यांनी ताजे लाडू केले. मयुरेशने उघडी खिडकी लावून घेतली, हेबर्लेंना वास जिन्यात यावा म्हणून दार मात्र सताड उघडं ठेवलं. स्वच्छ धुतलेला रेडिएटर भिंतीवर परत बसला होता, त्याचे दोन्ही नट राजाभाऊंनी स्वतः आवळले होते, बेताने. हेबर्लेंनी तळघरातून शोधून आणलेली जाळीही वरच्या फटीवर बसवली होती. तिच्यातून पेन्सिलसुद्धा आत गेली नसती.

मंगळवारी सकाळी सरलाबाईंनी हेबर्लेंसाठी डबा भरला, झाकण लावलं आणि तो दारापाशी ठेवला. राजाभाऊंपुढे चहाबरोबर दोन बिस्किटं आली. त्यांनी बिस्किटांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. खालच्या मजल्यावरचा एक परका म्हातारा आपल्या बायकोच्या लाडवाला वा म्हणणार आणि आपण बिस्किटं खाणार, हे त्यांना का कोण जाणे, अजिबात सहन झालं नाही.

"सरला, मला एक लाडू दे."

"कशाला? जाळी बसवलीय आता."

"दे गं."

सरलाबाईंनी दिला आणि समोर बसल्या. राजाभाऊंनी तो सबंध चावून खाल्ला. मग त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खरं सांगितलं.

"कडू आहे."

"आहेच," सरलाबाई म्हणाल्या.

हे काही पुरेसं नाही, एवढं राजाभाऊंनाही कळलं. त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला, आणि मनापासून, पोटातून आलेला शब्द उच्चारला. "चहा मात्र फक्कड झालाय. वा! असा चहा दुसरीकडे होणे नाही."

सरलाबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"चहा मैत्रेयीने केलाय," त्या म्हणाल्या.

राजाभाऊंनी कप खाली ठेवला. जाळीकडे एकदा पाहिलं. आणि हात लांब करून, मुकाट्याने दुसरा लाडू मागून घेतला.